उरलेलं वाक्य

माझ्या बहिणीला वाक्य पुरं करायची सवय आहे. तिचा गुन्हा विचाराल तर एवढाच. पण त्या गुन्ह्याची कबुली घ्यायला एक कंपनी आमच्या घरी येणार होती, आणि तसा निरोप घेऊन आला होता कोण, तर तिच्या पोटचा मुलगा.

"मावशी, नुसती औपचारिकता आहे गं," ओजस म्हणाला. "आईनं एकदा म्हणायचं, जेवायला उशीर माझ्याकडून झाला. संपलं."

"संपलं नाही. तिथून सुरू होतं," मी म्हणाले, आणि उतू गेलेलं दूध पुसायच्या निमित्तानं त्याच्याकडे पाठ केली. नाहीतर तोंडातून भलतंच काहीतरी गेलं असतं.

सगळं नीट सांगते, नाहीतर माझा संताप तुम्हाला म्हातारपणचा चिडचिडेपणा वाटेल.

अक्का, म्हणजे मंदाकिनी, माझी थोरली बहीण. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमचं घर आहे. वरच्या मजल्यावर ती आणि ओजस, खाली मी. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्नाच्या भानगडीत पडलेच नाही. अक्कानं जन्मभर बालवाडी चालवली. मूल बोलत असलं की मध्ये तोडायचं नाही, त्याला वाक्याच्या शेवटापर्यंत जाऊ द्यायचं, हा तिचा एकच कडक नियम. मदतनीस बायका त्या नियमाला कंटाळून सोडून जायच्या. अक्का स्वतःही तशीच बोलते. मीठ आणायला सांगितलं तरी कुठलं, कशासाठी आणि मागच्या वेळचं ओलसर का निघालं, हे सगळं त्यात येतं. मी इंजिनियरिंग कॉलेजात संगणकाच्या भाषा शिकवते. माझी वाक्यं आखूड आणि तिखट. ओजस या दोघींच्या मध्ये वाढला, माझ्याच वर्गात शिकला, आणि आता 'पळी' बनवणाऱ्या कंपनीत भाषेच्या तुकडीचा प्रमुख आहे.

पळी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. दंडाच्या कातडीखाली बसवतात. मधुमेहाच्या माणसाची साखर जेवल्यावर चढायची आणि मग तिच्यामागे औषध धावायचं, ही जुनी तऱ्हा झाली. पळी उलट करते. जेवणाच्या जरा आधीच इन्सुलिन सोडते, म्हणजे घास पोटात जाईपर्यंत औषध रक्तात हजर असतं आणि साखर चढतच नाही. डोळे वाचतात, मूत्रपिंडं वाचतात. शोध खरोखर मोठा आहे, त्याला मी नाक मुरडणार नाही. मेख एवढीच, की एकदा सोडलेलं औषध परत घेता येत नाही. त्यामुळे माणूस कधी जेवणार हे पळीला आधीच ठाऊक असावं लागतं, आणि बरोबर ठाऊक असावं लागतं.

आता माणूस कधी जेवतो? विचारलं तर सगळे सांगतात, रोज एक वाजता. खरं कुणीच तसं जेवत नाही. सोमवारी उपास, गुरुवारी एकभुक्त, महिन्यातून एकदा भिशी, श्रावणात वेगळं, नवरात्रात आणखी वेगळं. हे सगळं बटणं दाबून भरायचं म्हटलं तर माणूस उपाशीच राहील. म्हणून पळीला फोनमधून तोंडानं सांगायचं, आपल्या भाषेत, एकदाच. दर संकष्टीला म्हटलं की चंद्रोदय ती स्वतः काढते. ते गणित फार पूर्वीच सुटलेलं आहे.

इथं माझा विषय येतो, तेव्हा थोडा वेळ वर्गात बसा. पळीचा मेंदू ज्या तऱ्हेच्या भाषेत लिहिलाय तिला फंक्शनल भाषा म्हणतात. या भाषेत पुन्हा पुन्हा येणारं काम म्हणजे एक न संपणारी यादी. दर संकष्टी म्हणजे आजपासून पुढे कायमच्या सगळ्या संकष्ट्या. यंत्र ती अख्खी यादी मांडत बसत नाही; पुढची एक हवी असली की तेवढीच काढून घेतं. अशा लहान याद्या जोडून मोठी यादी करता येते. ही आणि ती, ही पण ती वगळून, ही झाल्यावर ती. असे मोजके जोड शिकवले की माणसाचा अख्खा दिनक्रम त्यात बसतो. इतकी वर्षं शिकवूनही मला हे सुंदर वाटतं.

राहिलं बोलण्यातून यादी काढणं. ते करणाऱ्या भागाला आम्ही पार्सर म्हणतो. तो वाक्य सुरुवातीपासून वाचत जातो आणि शेवटी तुमच्या हातात दोन गोष्टी ठेवतो. एक, जे कळलं ते. दुसरी, जे वाचायचं उरलं ते. तांदूळ निवडताना ताटात एकीकडे निवडलेले असतात आणि दुसरीकडे अजून न निवडलेले, तसं. दुसरी बाजू रिकामी झाली तरच काम झालं. काही उरलं असेल तर प्रामाणिक पार्सरनं म्हणायचं, मला कळलं नाही, पुन्हा सांगा. हे मी अगदी सुरुवातीलाच शिकवते. ओजसलाही शिकवलं होतं, पहिल्या बाकावर बसवून.

पळी बसवायला कंपनीची नर्स आली तेव्हा ओजस ऑफिसात होता. अक्काजवळ मी होते. फोन तोंडासमोर धरून, बालवाडीत नव्यानं आलेल्या मुलाशी बोलावं तशी अक्का पळीशी बोलायला लागली. रोजचं सांगितलं. सोमवारचं सांगितलं. मग म्हणाली,

"दर संकष्टीला मी चंद्रोदयाला जेवते, पण ओजस घरी आल्याशिवाय ताट घेत नाही, कारण तो लहान असल्यापासून चंद्र तोच दाखवतो मला, गच्चीवर जाऊन."

टिंग झालं. फोनवर हिरवी खूण आली. एक गोड आवाज म्हणाला, "समजलं."

अक्का खूश झाली. "बघ वैजू, एवढं लांबलचक बोलले तरी समजलं गं तिला. तू तर अर्ध्यातच जांभया देतेस."

ती चंद्राची गोष्ट खरी होती. लहानपणी संकष्टीला ओजस गच्चीवर धावायचा आणि तिथून ओरडायचा, "आई, आला!" मग अक्का नैवेद्य दाखवायची आणि मायलेक एकदमच मोदक फोडायचे. पुढे त्याचं ओरडणं बंद झालं. उपास तर त्यानं कधी केलाच नाही. पण संकष्टीला तो घरी आला, बूट काढता काढता "दिसतोय गं चंद्र" असं सवयीनं म्हणाला, की अक्का ताटं वाढायची. त्याच्या लेखी ते रोजच्यासारखंच जेवण होतं. ती कशासाठी थांबते हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

पळी आल्यानंतरच्या पहिल्या काही संकष्ट्या सुखरूप पार पडल्या, कारण ओजस वेळेत घरी आला. भाद्रपदातल्या संकष्टीला तो कामात अडकला. पळीनं ठरल्याप्रमाणे चंद्रोदयाच्या आधी औषध सोडलं. दिवसभराची उपाशी बाई, अंगात एका जेवणाचं इन्सुलिन, स्वयंपाकघरात झाकून ठेवलेले मोदक, आणि ही गच्चीच्या पायरीवर मुलाची वाट बघत बसलेली. फोन ओट्यावर कोकलत होता, साखर कमी आहे, काहीतरी गोड खा. ऐकायला तिथं कुणी नव्हतं. मी वर गेले तेव्हा ती पायरीवरच कलंडली होती.

जीव वाचला. पण साखर बराच वेळ खाली राहिली की मेंदूचीही उपासमार होते. अक्का आता बोलता बोलता थांबते. शब्द सापडत नाही. चमचा म्हणायचं असलं की आधी खिडकीबाहेर बघते, मग माझ्याकडे बघते, मग कधीतरी म्हणते. इतक्या मुलांना वाक्याच्या शेवटापर्यंत पोचवणाऱ्या बाईची ही गत. डॉक्टर म्हणतात, सुधारेल. सुधारेल तेव्हा सुधारेल. आज माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते त्याचं काय?

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिनं माझं मनगट धरलं.

"ओजसला सांगू नकोस," ती म्हणाली. "मी... कुणासाठी थांबले ते."

"का नको?"

"त्याला वाटेल, आपल्यामुळे... झालं."

"मग सांगायचं काय त्याला?"

"ढग होते म्हण. चंद्र दिसेना, म्हणून... थांबले."

"अक्का, तू त्या यंत्राला सांगितलं होतंस. माझ्यादेखत. ते समजलं म्हणालं होतं."

"असू दे गं. माझी शपथ आहे तुला."

नळ्या लावलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी हो म्हटलं. पण म्हटल्या म्हटल्या मला तिचाही राग आला, खोटं कशाला सांगू? आपल्याकडच्या बायकांना हे फार छान जमतं. दुसऱ्याची चूक त्याच्यापासूनच झाकायची, आणि ती झाकली जावी म्हणून स्वतःच्या नावावर चढवून घ्यायची. वर त्याला माया म्हणायचं.

तर त्या दूध उतू गेलेल्या सकाळी ओजसनं माझ्यापुढे टॅब ठेवला.

"हे बघ. आईचं संकष्टीचं वेळापत्रक. दर संकष्टी, चंद्रोदय, जेवण. पळीनं अक्षरशः तेच केलंय. मावशी, आमच्याकडे गणिती सिद्धता आहे. दिलेल्या वेळापत्रकापासून ती एक क्षण ढळत नाही."

"सिद्धतेबद्दल माझं काही म्हणणं नाही. उरलेलं कुठंय?"

"कसलं उरलेलं?"

"वाक्यातलं. पार्सर दोन गोष्टी देतो. कळलेली दाखवलीस. आता उरलेली दाखव."

तो टॅबवर उगाच बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "ते आम्ही ठेवत नाही."

"ठेवत नाही म्हणजे?"

"आधी ठेवायचो. काही उरलं की पळी म्हणायची, कळलं नाही, पुन्हा सांगा. पण लोक चिडायचे गं. म्हातारी माणसं तर फोनच आपटायची. सगळीकडे वाईट शेरे यायला लागले. मग वरून ठरलं, सुरुवातीपासून जेवढं कळेल तेवढं घ्यायचं आणि समजलं म्हणायचं. बाकीचं बहुतेक वेळा पाल्हाळच असतं. आमच्या धाकट्या जाऊबाई, मागच्या दिवाळीत काय झालं, असलं काहीतरी. त्या भागाचं नावच पाल्हाळगाळणी आहे."

"हे नाव कुणी ठेवलं?"

तो टॅबची काच बाहीनं पुसायला लागला. म्हणजे त्यानंच ठेवलं होतं.

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. पण एवढं नक्की म्हणाले, "कळलं नाही असं म्हणता येणं हा त्या यंत्राचा सगळ्यात चांगला गुण होता रे. तोच कापलात? 'रोज' आणि 'दर' कुठल्याही घड्याळाला कळतं. माणूस 'पण' म्हणून पुढे जे बोलतो त्यासाठीच तर तुमची भाषा बनवली होती. आणि तुम्ही तेवढंच वेचून केरात टाकलंत, कशासाठी, तर शेरे चांगले यावेत म्हणून!"

"पण आईच्या बाबतीत तसं काही नव्हतंच. ढग होते म्हणून ती थांबली, तिनंच सांगितलं. ढग काय तिनं आधीपासून वाक्यात घातले असतील?"

शब्द अगदी ओठांवर आले. शपथ आडवी आली. "तिलाच विचार," मी म्हणाले.

"विचारलं. ढगच म्हणते." मग त्याचा आवाज उतरला. "हे बघ, कबुली दिली तर पळी चालू राहील. नाही दिली तर चौकशी लागेल, आणि ती संपेपर्यंत पळी बंद. आईनं पुन्हा जेवणाजेवणाला सुई टोचून घ्यायची? हात कसा थरथरतो बघतेयस ना तिचा?"

"आणि चौकशी कुणाची?"

"माझ्याच तुकडीची."

त्याला स्वतःची काळजी होती, आणि आईचीही होती. दोन्ही खऱ्या होत्या. म्हणून तर मला त्याला सरळ सरळ नालायक ठरवता येईना, आणि त्यानं माझा संताप आणखीच वाढला.

दुपारी मी कॉलेज रोडच्या औषधाच्या मोठ्या दुकानात गेले. तिथं काउंटरवर नमुन्याची पळी ठेवलेली असते, गिऱ्हाइकांनी बोलून बघावं म्हणून. मी फोन उचलला आणि म्हणाले, "मी रोज एक वाजता जेवते, पण हल्ली मी जेवतच नाही, कारण मी मेलेली आहे."

टिंग. हिरवी खूण. "समजलं. रोज एक वाजता जेवण."

काउंटरवरचा माणूस हसला. "मस्त आहे ना मॅडम? काहीही बोला, समजून घेते."

मी म्हणाले, "अहो, हिला मयत माणूसही जेवताना दिसतो!" त्याला वाटलं मी विनोद केला. दुकानात पळीसाठी नंबर लावून बसलेल्या लोकांकडे बघत मी बाहेर पडले. त्यात बायका जास्त होत्या, आणि प्रत्येकीच्या घरी कुणीतरी उशिरा येणारं असणारच.

घरी येऊन अक्काला मी हे सांगितलं. ती मटार सोलत होती. डॉक्टरांनी बोटांना काम द्यायला सांगितलंय.

"तू हो म्हणालीस की कागदोपत्री काय उरणार, सांगू? यंत्र बरोबर, बाई चुकली. मग ती गाळणी तशीच राहणार. सगळ्यांच्या दंडात."

"माझ्या एका... होकारानं ओजसचं भलं होतंय ना?"

"आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांना मी... ओळखत नाही गं वैजू. याला ओळखते."

मी तिच्या पुढ्यातले मटार ओढून घेतले आणि रागारागानं सोलत बसले. निम्मे जमिनीवर उडाले.

ठरल्या दिवशी सकाळी कंपनीतर्फे सानवी केळुसकर नावाची मुलगी आली. नीटनेटकी, मऊ बोलणारी. बिनसाखरेच्या पेढ्यांचा पुडा घेऊन आली होती. पेढे! बाईला गोड खायला मिळालं नाही म्हणून ती मरणाच्या दारात गेली, आणि हे तिला पेढे देतायत, तेही बिनसाखरेचे. पुडा मी फ्रिजवर ठेवला, हाताला लागणार नाही असा.

ओजस आईच्या शेजारी बसला. केळुसकरनं टॅब टेबलावर उभा केला.

"काकू, आता सह्याबिह्या नसतात. तुमच्याच शब्दांत सांगा. यंत्र नोंदवून घेईल."

"कुठलं यंत्र?" मी विचारलं.

"पळीचंच आहे, मॅडम. सगळ्या नोंदी आता त्यावरच होतात."

मी ओजसकडे बघितलं. हे त्याच्याही ध्यानात आलं नसावं. तो एकदम सावरून बसला.

"अशा कबुल्या आणखी किती जणांच्या घेतल्यात?" मी विचारलं.

"त्याबद्दल मला बोलता येणार नाही, मॅडम."

अक्कानं मान वर केली. "म्हणजे... घेतल्यात."

"काकू, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते..."

"त्या बायका पण... कुणासाठी थांबल्या होत्या?"

केळुसकर गोंधळली. तिच्या डोळ्यांत मला उत्तर दिसलं, आणि अक्कालाही दिसलं असणार. "मला खरंच बोलता येणार नाही, काकू," ती हळूच म्हणाली.

अक्का बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, शब्द शोधतेय. मग तिनं ओजसच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"बोला काकू. जेवायला उशीर..."

"मला येतं," अक्का म्हणाली. टॅबवरचा दिवा लागला. तिनं बालवाडीत फळ्यासमोर उभी राहायची तशी पाठ सरळ केली आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तशी बोलायला लागली. "जेवायला उशीर मी केला हे मला कबूल आहे, पण... पण ढग नव्हते. ओजस आल्याशिवाय संकष्टीचं... ताट मी घेत नाही, कारण चंद्र... तो दाखवतो मला. आणि हे मी तुमच्या पळीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ती... समजलं म्हणाली होती."

मध्ये कितीदा अडली, पण वाक्य तिनं पुरं केलं. दवाखान्यातून आल्यापासून एवढं लांब वाक्य तिनं शेवटाला नेलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी मला यंत्राचा गळा आवळावासा वाटला, कारण यंत्रही तिच्या शेवटच्या शब्दापर्यंत अगदी शहाण्यासारखं थांबलं होतं.

मग टिंग झालं. हिरवी खूण आली. गोड आवाज म्हणाला, "समजलं." आणि पडद्यावर मोठ्या ठळक अक्षरांत उमटलं:

जेवायला उशीर मी केला हे मला कबूल आहे.

त्याखाली काही नव्हतं.

"थँक्यू काकू," केळुसकर सवयीनं म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला आपण काय ऐकलं ते जाणवलं असावं. तिचा चेहरा लाल झाला आणि तिनं पुढे केलेला हात अर्ध्यातच थांबला.

ओजस पडद्याकडे बघत होता. त्यानं ही करामत हजारदा पाहिली असेल, ऑफिसात बसून, कुणाकुणाच्या वाक्यांवर. जाऊबाई गळून पडल्या, दिवाळी गळून पडली, तो पुढच्या वाक्याकडे गेला. आज त्यानं स्वतःच्या कानांनी सगळं ऐकलं होतं, आणि जे गळून पडलं त्यात तो होता. त्याची आई कुणाची वाट बघत पायरीवर बसली होती ते होतं. त्यानं एकदा आईकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि टॅब उचलला.

"सर, ती नोंद वर जाऊ द्या, मग आपण..." केळुसकर म्हणाली.

"जाणार नाही. ही माझ्या आईची कबुली नाही. तिच्या वाक्याचा तुकडा आहे." त्यानं नोंद पुसली.

"सर, मग चौकशी लागेल. तुमच्याच तुकडीची. आणि तोपर्यंत काकूंची पळी..."

"माहितीय मला. चौकशी मीच मागतोय. आणि आधीच्या ज्या कबुल्या घेतल्यात त्यांचीही. त्या बायका काय काय बोलल्या होत्या ते पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकावं लागेल, कारण आम्ही ते ठेवलेलं नाही."

"पळी बंद तर बंद," मी म्हणाले. "सुया मी टोचीन. माझा हात थरथरत नाही."

ओजसनं टॅब पालथा ठेवला आणि खुर्चीवरून उतरून आईच्या पायाशी जमिनीवर बसला. एवढा मोठा माणूस, गुडघे कुठं ठेवावे ते त्याला कळेना.

"चंद्रासाठी थांबायचीस?" तो म्हणाला. "मी नुसता बूट काढत काहीतरी बडबडायचो गं."

अक्कानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुला कळू नये म्हणून तर..." आणि तिचा शब्द हरवला.

"मला कळलंच नव्हतं, आई. पुन्हा सांग. पहिल्यापासून सांग."

"लांब आहे रे ते."

"असू दे."

"दर संकष्टीला," अक्का म्हणाली आणि अडली. खिडकीबाहेर बघू लागली. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, तोही पुढे निघून गेला. आम्ही तिघं गप्प बसून राहिलो, केळुसकरसुद्धा. कुणीही मध्ये तोडलं नाही.